सातवी सूचना

“हे मी वाचणार नाही!” शाजलीकाकांनी कागद मॅनेजरच्या टेबलावर आपटला.

इजिप्तमधल्या हुरघाडा विमानतळावरून पाहुण्यांना हॉटेलात आणणाऱ्या बसमध्ये एकवीस वर्षं माइक काकांच्याच हातात होता. बाटलीचंच पाणी प्या, भर दुपारी टोपीशिवाय हिंडू नका, समुद्रात पोवळ्यांवर पाय देऊ नका, रात्री वाळवंटात जाताना अंगावर गरम काहीतरी असू द्या. बऱ्या जर्मनमध्ये, मोडक्या रशियनमध्ये. लोक हसत आणि ऐकतही. कागद कधी लागलाच नव्हता.

आता छापील कागद आला होता. सहा सूचना ठीक होत्या. सातवीत लिहिलं होतं, ‘कोणी “इत्फद्दल” म्हटलं तर थांबू नका. ही फसवण्याची युक्ती असते.’

“वाइल, तू इथे वेटर म्हणून आलास तेव्हापासून ओळखतो तुला. जेवताना समोर माणूस दिसला तर तुझी आई काय म्हणते रे? ‘इत्फद्दल’, या, बसा, घास घ्या, असंच ना? ही फसवणूक?”

“काका, चिडू नका. मागच्या आठवड्यात एका बाईंची तक्रार आली.”

“कुणाबद्दल?”

वाइलनं मान खाली घातली. “तुमच्याबद्दलच.”

काकांना आठवलं. बसच्या पायरीवर बसून ते वालाची उसळ खात होते. एक बाई आल्या, म्हणून त्यांनी भाकरी पुढे केली, “इत्फद्दल” म्हणाले. बाई पर्स छातीशी धरून मागे सरल्या. काकांना वाटलं होतं, पोट भरलं असेल बिचारीचं!

“जन्मात कुणाच्या देखत एकट्यानं गिळलं नाही मी! आणि आता मीच माइकवर सांगू, की मी भामटा?”

“वरून आलंय, काका. वाचा, नाहीतर ते रेकॉर्ड लावतील. तुम्हाला बॅगा उचलाव्या लागतील.”

“उचलीन. पाठ मोडली तरी चालेल, पण जीभ नाही विटाळणार!”

दुसऱ्या दिवसापासून बसमध्ये कुणा बाईचा गुळगुळीत आवाज सूचना सांगू लागला. मेलीला तो शब्दही धड उच्चारता येत नव्हता. पाहुणे मात्र माना डोलवत होते. मागच्या सीटवर काका संतापानं नुसते धुमसत होते.

दुपारी सामानाच्या खोलीत त्यांनी भाकरीचं फडकं सोडलं. तेवढ्यात वाइल किल्ली घ्यायला आला. त्यानं किल्ली घेतली, तरी दारात घुटमळला. सवयच होती ती. काका बोलावणार, आपण “तुम्हीच जेवा, अंगी लागो” म्हणणार आणि वर एक घास उचलणार.

काकांनी मान वर न करता भाकरी मोडली.

“काका, आज बोलावत नाही?”

“सातवी सूचना आहे, साहेब.”

इतक्या वर्षांत काकांनी त्याला कधी साहेब म्हटलं नव्हतं. वाइल किल्ली हातात धरून उभाच राहिला. काका सरकून भिंतीकडे तोंड करून बसले आणि एकटेच जेवू लागले.