मला त्याचं काही नाही

जाळीचं दार उघडून आत आलं की मार्नी हॅल्वरसन ते लगेच सोडत नसे. दोन-तीन श्वास हातानं धरून ठेवी, मग सोडी. तिचा कुत्रा गस बारा वर्षांचा झाला होता, मागच्या पायांत वात होता, उंबरा ओलांडायला त्याला तेवढा वेळ लागायचा. आता गस तिच्यापासून अकराशे मैलांवर होता, पण हे हाताला कोण सांगणार?

"दार लाव गं पोरी, माशा येतायत," मिस नेवा ओसरीवरून ओरडत. छप्पन वर्षांच्या बाईला पोरी म्हणणारं माणूस मार्नीला नॉक्सव्हिलमध्येच भेटलं.

मिस नेवा टिप्टन म्हणजे घरमालकीण. वय अठ्ठ्याहत्तर, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. पुढचं घर त्यांचं, मागच्या दोन खोल्या मार्नीच्या, आणि ओसरी व परसदार दोघींचं.

मार्नी काही हौसेनं इथं आली नव्हती. उत्तरेतल्या ड्यूलूथमधलं तिचं विमा कंपनीचं ऑफिस बंद झालं, तेव्हा साहेबांनी दोनच वाटा ठेवल्या: घरी बसा, नाहीतर दक्षिणेत, टेनेसीतल्या नॉक्सव्हिलच्या ऑफिसात जा. पेन्शनला चार वर्षं उरलेली. इकडे आड, तिकडे विहीर. तिनं विहीर निवडली. महिन्याभरात घर विकलं, आणि गस आणि डॉटी नावाची मांजर, दोघांना भावाच्या स्वाधीन केलं. जरा बस्तान बसलं की घेऊन जाईन म्हणाली. भाऊ कर्ट हो म्हणाला, पण त्याच्या बायकोला, लॉइसला दमा. "नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगचं जेवण होईपर्यंत ठेवतो. त्यापुढं मात्र जमायचं नाही," असं त्यानं सांगून टाकलं.

नॉक्सव्हिल शहर प्रेमळ होतं. नको इतकं प्रेमळ. दुकानातली बाई तिला 'राणी' म्हणे, बँकेतला माणूस कुठल्या चर्चला जाता विचारी, आणि फुटबॉलच्या शनिवारी अख्खं गाव, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट, गावच्या संघाच्या नारिंगी रंगाचे कपडे घालून रस्त्यावर येई. मार्नी सगळ्यांशी नीट बोले. ऑफिसात जाई, परत येई, उभ्याउभ्या टोस्ट खाई आणि कडा बशीत ठेवी, कारण कडा गसच्या असत. मग थोड्या वेळानं त्या कचऱ्यात टाकी. दुःख म्हणावं तर तेही नव्हतं. रडू आलं असतं तरी बरं, निदान काहीतरी आलं म्हणता आलं असतं. पायाला मुंग्या येतात तशा तिच्या अख्ख्या जिवाला आल्या होत्या. सकाळी उठून ती फोनवर आधी ड्यूलूथचं तापमान बघे आणि मग इथलं.

भाडं ठरलं ते फोनवरच, घाईघाईत. करारात पाळीव प्राण्यांचा रकाना कोरा होता. म्हणून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिनं धीर केला. मिस नेवा ओसरीवर शेंगांच्या शिरा काढत बसल्या होत्या.

"मिस नेवा, तुम्हाला एक विचारायचं होतं. म्हणजे, अडचण असेल तर राहू दे."

"विचार की."

"माझा एक कुत्रा आहे. म्हातारा आहे, भुंकत नाही फारसा. आणि एक मांजर. भावाकडं ठेवलेत. म्हणजे, मी आणलेच पाहिजेत असं नाही, पण इथं..."

मिस नेवांनी शेंग मोडली, शीर ओढली आणि वर न बघताच म्हणाल्या, "मला त्याचं काही नाही."

मार्नी तशीच उभी राहिली. ती वाढली त्या मुलखात माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत. असंच काहीतरी कोरडं बोलतात आणि हातातल्या कामाकडं बघत राहतात. त्याचा अर्थ असा की तुझं तू बघ, माझ्या दारात नको. आणि समजूतदार माणसानं तेवढ्यावर ओळखायचं असतं. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे स्वतःची शोभा करून घेणं.

"बरं, मग ठीक आहे," ती म्हणाली.

"झालं तर मग," मिस नेवा म्हणाल्या आणि त्यांनी दुसरी शेंग घेतली.

त्या आठवड्यात मार्नीनं फोनवर फोन करून दुसऱ्या जागा पाहिल्या. कुठं कुत्रा नको, कुठं एवढा मोठा नको, कुठं भाडं दुप्पट. शिवाय वर्षाचा करार करून बसलेली.

पुढच्याच शनिवारी मिस नेवांचा म्हातारा दीर हॉबर्ट तारेचं भेंडोळं घेऊन आला आणि त्यानं परसदाराला कंबरेएवढं कुंपण घातलं. मार्नीनं खिडकीतून पाहिलं. हरणं भाजी खात असतील, असं तिला वाटलं. विचारायला ती गेली नाही. मग ओसरीच्या कोपऱ्यात, तिच्या दाराशी, एक जुनी जाड गोधडी पसरलेली दिसली. वाऱ्यानं पडली असेल म्हणून तिनं ती झटकली, नीट घडी घातली आणि मिस नेवांच्या खुर्चीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी गोधडी पुन्हा कोपऱ्यात. मार्नीनं पुन्हा घडी घातली. असं तीन वेळा झालं. चौथ्यांदा गोधडी खुर्चीवरच राहिली.

ऑक्टोबरात कर्टचा फोन आला. "ब्योर्कलुंड म्हणून एक जोडपं आहे, रूथ आणि वेन. गावाबाहेर राहतात. त्यांचा कुत्रा उन्हाळ्यात गेला. गसला न्यायला तयार आहेत. थंडी पडायच्या आत काय ते सांग."

"तुझं काय मत?"

"मला विचारशील तर देऊन टाक. बारा वर्षांचं कुत्रं घेतंय कोण?"

"दे," मार्नी म्हणाली.

एवढंच. फोन ठेवून तिनं बशी विसळली. त्या रात्री तिला झोपही चांगली लागली, आणि त्याचीच पुढं तिला लाज वाटत राहिली. डॉटीला मात्र कुणी मागितलं नाही. ती कर्टच्या तळघरात, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या मागं दडून बसली होती, आणि वाडग्यातलं अन्न संपतं यावरूनच ती जिवंत आहे असं समजायचं.

त्याच सुमाराला मिस नेवांचं वागणं बदललं. आधी दर बुधवारी मक्याचा कॉर्नब्रेड यायचा, त्याच्यासोबत पातेलीभर पिंटो बीन्सची उसळ. आता बुधवार कोरडे जाऊ लागले. ओसरीवर भेटल्या तर हवापाण्याचं बोलत आणि आत जात. आपलं काय चुकलं ते मार्नीला कळेना, आणि विचारेल ती मार्नी कसली.

तरी थँक्सगिव्हिंगला मिस नेवांनी तिला जेवायला बोलावलं. त्या दिवशी शेजारी एकटं जेवलं तर ते त्यांच्या हिशेबी पापच. हॉबर्ट जेवला, खुर्चीतच पेंगला, मग उठून घरी गेला. दोघी उरल्या. मिस नेवांनी तिच्यापुढं रताळ्याच्या गोड 'पाय'चा तुकडा सरकवला आणि स्वतः उभ्याच राहिल्या.

"हे बघ पोरी, मी दुसऱ्याच्या भानगडीत पडणारी बाई नाही."

"नाही, नाही."

"पण आता राहवत नाही. तीन महिने झाले. ते कुत्रं तू आणणार आहेस, का नाही?"

मार्नीच्या हातातला काटा थांबला. "कुठलं कुत्रं?"

"कुठलं म्हणजे? तुझं! मी हॉबर्टच्या मागं लागून कुंपण घालून घेतलं, त्याचे गुडघे धड नाहीत तरी. म्हातारं कुत्रं आहे म्हणालीस, म्हणून माझ्या आईच्या हातची गोधडी टाकली. तर तू आपली रोज घडी घालून माझ्या खुर्चीवर! मी म्हटलं, असेल बाई टापटिपीची. पण मग आज नाही, उद्या नाही. आपल्या जनावराला असं वाऱ्यावर सोडणारी बाई आणि मी तिला बीन्स खायला घालतेय!"

"पण तुम्हीच तर नाही म्हणालात."

"मी? कधी?"

"शेंगा मोडताना. तुम्ही म्हणालात, मला त्याचं काही नाही."

"मग! तेच म्हणतेय मी. मला त्याचं काही नाही!"

 मिस नेवांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. त्या हळूच खुर्चीवर बसल्या.

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं 'मला त्याचं काही नाही' म्हणजे माझी काही हरकत नाही. खुशाल आण. अगं, माझा नवरा कार्ल तरुणपणी डेट्रॉइटला मोटारीच्या कारखान्यात होता. फोरमननं विचारलं, जादा पाळी करतोस का. हा म्हणाला, मला त्याचं काही नाही. फोरमननं यादीतून नावच कापलं! वर्षभर बिचाऱ्याला कळेना, आपल्याला जादा काम का मिळत नाही. या टेबलावर बसून चाळीस वर्षं हसलो आम्ही त्यावर. आणि मीच..."

आनंदीबाईला निदान माहीत तरी होतं, आपण ध चा मा करतोय ते. इथं दोन भल्या बायकांनी मिळून तो केला, आणि दोघींनाही पत्ता नाही.

"आण ना मग त्याला," मिस नेवा घाईनं म्हणाल्या. "अजून काय बिघडलंय?"

"मी त्याला देऊन टाकलं."

हे ती सहज बोलून गेली, बिल भरलं म्हणावं तसं. मग तिला स्वतःचा आवाज ऐकू आला.

मिस नेवांनी तिच्यासमोर फोन ठेवला. कर्टकडून नंबर घेतला, आणि पलीकडं रूथ ब्योर्कलुंडनं उचलला. मार्नीनं सगळं सांगितलं. सांगताना तीनदा माफी मागितली.

"अगं बाई," रूथ म्हणाली. "हो, मग न्या की तुम्ही. तुमचाच आहे तो."

"तसं नाही, मी आपलं विचारलं."

"नाही, न्या, न्या. आमचं काय. वेननं त्याच्यासाठी ट्रकला लाकडी पायरी केलीय, पाय दुखतात ना त्याचे. पण तिचं काय, काढता येते ती. वेन आता त्याच्याशिवाय दुधालासुद्धा जात नाही. पण तुम्ही न्या. आम्हाला चालेल."

मार्नीनं डोळे मिटले. हे बोलणं तिच्या ओळखीचं होतं, आईच्या दुधाबरोबर प्यालेलं. त्या मुलखात 'न्या, न्या, आम्हाला चालेल' म्हणजे काय, ते तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दक्षिणेतला होकार तिला कळला नव्हता, पण उत्तरेतला नकार तिला शब्दाशब्दाला कळत होता. ती हट्टानं न कळल्यासारखं करू शकली असती. दोन श्वास ती फोन धरून राहिली.

"पायरी काढू नका," ती म्हणाली. "राहू दे त्याला तिथंच."

"नक्की?" रूथचा आवाज भरून आला होता. "त्याच्याशी बोलायचंय का? इथंच आहे पायाशी."

"नको. मला शोधत बसेल उगाच."

फोन ठेवला आणि मार्नी रडली. चांगली हुंदके देऊन, नाक पुसत, थँक्सगिव्हिंगच्या खरकट्या टेबलावर डोकं टेकून रडली. ऑगस्टपासून साचलेलं एकदम आलं. मिस नेवा तिच्या पाठीवर हात ठेवून बसल्या.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "आणि मांजर?"

"भट्टीच्या मागं. उद्यापर्यंतच ठेवणार आहेत."

"किती लांब आहे ते ड्यूलूथ?"

"सतरा तास."

मिस नेवांनी खिडकीबाहेर उभ्या असलेल्या आपल्या जुन्या ब्यूक गाडीकडं पाहिलं, मग हातांकडं.

"गाडी चालवायला," त्या म्हणाल्या, "मला त्याचं काही नाही."

मार्नीनं नाक पुसलं. जन्मात पहिल्यांदाच तिनं दुसऱ्यांदा विचारलं. "काही नाही म्हणजे हो ना?"

"हो म्हणजे हो, बाई! लेखी देऊ का? जा, कोट घे. तिकडं बर्फ असेल."

मार्नी ओसरीवर आली. खुर्चीवरची गोधडी तिनं उचलली, उलगडली आणि गाडीच्या मागच्या सीटवर पसरली. मग कोट आणायला घरात शिरली, आणि दार तिनं दोन-तीन श्वास तसंच धरून ठेवलं. या वेळी ते कुणासाठी धरलंय हे तिला माहीत होतं, आणि आत कुणीच येणार नाही हेही. "दार लाव," असं मिस नेवा म्हणाल्या नाहीत.