बावन्न किलोंचे मास्तर

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. तुमच्या घरी पलंगाखाली सरकवून ठेवतात तो चपटा काटा नव्हे, मी उभा काटा. खाली रबर चिकटवलेली लोखंडी फळी, मागे खांब आणि खांबावर आडवी दांडी. दांडीवर दोन वजनं सरकतात, एक किलोंचं आणि एक ग्रॅमांचं. ती दांडी वर नाही, खाली नाही, मधोमध थरथरत थांबली की माझं बोलणं संपलं. त्याहून एक अक्षर जास्त मला येत नाही.

ज्या कारागिराने मला घडवलं, तो शेवटी स्वतःच माझ्यावर उभा राहिला. आकडा पाहून त्याने माझ्या खांबावर थाप मारली आणि म्हणाला, हा जन्मात खोटं बोलणार नाही. त्या थापेची ऊब मी कितीतरी वर्षं जपली. खरं बोलणं म्हणजेच भलं करणं, असं मला वाटायचं.

पहिली काही वर्षं मी शाळांच्या आरोग्य तपासणीत फिरलो. मुलं रांगेत ढकलाढकली करायची, लुकडी मुलं फुगून उभी राहायची. वजन वाढलं की मास्तरीणबाई पाठ थोपटायच्या. मग मला एका दवाखान्यात पाठवलं, आणि तिथे सगळं उलटं निघालं. इथे वजन वाढलं की लोकांची तोंडं उतरायची.

तो मूत्रपिंडाच्या आजाराचा विभाग होता. मित्रांनो, तुमच्या कमरेच्या वर, पाठीच्या बाजूला, मुठीएवढी दोन मूत्रपिंडं असतात. ती रात्रंदिवस रक्त गाळतात आणि जास्तीचं पाणी बाहेर टाकतात, म्हणून तुम्ही तहान लागली की नळाला तोंड लावता आणि विसरून जाता. ज्यांची मूत्रपिंडं थकली, त्यांचं पाणी अंगातच राहतं. ते आठवड्यातून तीनदा येतात, चार-चार तास यंत्राला जोडून बसतात. यंत्र रक्त गाळतं आणि साचलेलं पाणी काढून घेतं. किती काढायचं हे माझ्या आकड्यावर ठरतं. येताना वजन, जाताना वजन. पाणी निघून गेल्यावर जे उरावं, त्याला तिथे 'कोरडं वजन' म्हणतात. प्रत्येकाचं कोरडं वजन त्याच्या कागदाच्या माथ्यावर लिहिलेलं असतं, जसं तुमच्या वहीवर तुमचं नाव.

तहानेने जीव जातो आणि पाण्यानेही जीव जातो, अशी ती माणसं. घोट मोजणारी, बर्फाचा खडा चघळून दुपार ढकलणारी. माझ्यावर चढण्याआधी खिशातल्या किल्ल्या काढायची, फोन काढायची, चष्मासुद्धा काढायची. एक निवृत्त कंडक्टरकाका होते, त्यांचं वजन नेहमी जास्त भरायचं. ते म्हणायचे, "सामानाचं वेगळं तिकीट काढतो, पण या वेळी सोडा."

या सगळ्यांत माझे लाडके होते टेलरमास्तर. सगळे त्यांना नुसतं मास्तरच म्हणत. नाक्यावर एका खोलीचं दुकान, शर्ट शिवण्यात हातखंडा. सोबत बायको यायची, तिला सगळे काकू म्हणत. पहिल्या वर्षी डॉक्टरांनी मास्तरांचं कोरडं वजन ठरवलं, बावन्न किलो. आणि मास्तरांनी ते असं पाळलं की काय सांगू. येताना चोपन्न, जाताना बावन्न. महिने गेले, वर्षं गेली, बावन्न. सिस्टर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "शिका जरा मास्तरांकडून." कंडक्टरकाका टोमणा मारायचे, की यांचं घोटभर पाणीसुद्धा काकू टेपने मोजून देत असतील. मास्तर गालात हसायचे. माझी दांडी मधोमध थांबायची आणि मलाही वाटायचं, वा, काय छान चाललंय.

दर सहा महिन्यांनी एक मुलगी हातात छापील फॉर्म घेऊन यायची. आजाऱ्यांचं जगणं काळाबरोबर कसं होत जातं, याची ती पाहणी करत होती. झोप कशी, दम लागतो का, काम होतं का, कुणाकडे जावंसं वाटतं का, असे प्रश्न. मास्तर माझ्या शेजारच्या बाकावर बसून उत्तरं देत. पहिल्या वर्षी म्हणाले, दिवसाला चार शर्ट होतात. दुसऱ्या वर्षी तीन. चौथ्या वर्षी म्हणाले, कटिंग मी करतो, शिवण ही मारते. पाचव्या वर्षी म्हणाले, "बटणं लावतो." मुलीने विचारलं, म्हणजे कामात थोडा फरक की बराच फरक. मास्तर म्हणाले, "तुमच्या फॉर्ममध्ये काय बसतं ते लिहा, बाई." तिने एका चौकोनात खूण केली. फॉर्म एका गठ्ठ्यात गेला आणि गठ्ठा कपाटात. माझा आकडा मात्र आठवड्यातून तीनदा मोठ्या कागदावर चढत होता, आणि तो दिसला की कुणाला दुसरं काही विचारावंसं वाटत नसे.

एक दिवस मास्तर गळ्यातली टेप घेऊनच माझ्यावर चढले. उतरले, आणि सिस्टरांसमोर स्वतःच्या दंडाला टेप गुंडाळली. म्हणाले, "साडेअकरा इंच होता माझा दंड. आता नऊ आहे. आणि हा काटा म्हणतो बावन्नच."

सिस्टरांकडे त्या सकाळी दहा आजारी माणसं होती. त्या घाईत हसल्या आणि म्हणाल्या, की तुमची टेप ताणली असेल, मास्तर.

"टेप ताणली तरी एवढी नाही ताणत, सिस्टर. तुमचा काटा एकदा बघून घ्या."

सिस्टर मनाने चांगल्या होत्या. त्यांनी खरंच मेकॅनिकला बोलावलं. त्याने वीस-वीस किलोंची वजनं माझ्यावर ठेवली, एकावर एक. माझी दांडी मधोमध थांबली, केसभरही हलली नाही. त्याने माझ्या कपाळावर एक गोल चिठ्ठी चिकटवली, 'तपासला, अचूक'. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं कौतुक. आणि तेच कौतुक मास्तरांच्या मुळावर आलं.

कारण मास्तर मापाचा माणूस. काकू कुरकुरल्या, काटा काही का म्हणेना, तुम्ही डॉक्टरांना अंग दाखवा. तर मास्तर म्हणाले, "अगं, मापाशी भांडायचं नसतं. माप बरोबर निघालं की चूक कापडात शोधायची." आणि त्यांनी ती कापडात शोधली. स्वतःच्या शर्टांच्या बाह्या उसवून आत घेतल्या. खांदे आत घेतले. पायावर सूज यायला लागली, तर पायजमे खालून सैल केले. असे बेतून शिवले की खांद्याचं हाड दिसू नये आणि घोट्याची सूज दिसू नये. साऱ्या विभागात त्यांच्याइतके नीट बसणारे कपडे कुणाचे नव्हते. पाहणाऱ्याला वाटायचं, मास्तर आहेत तसे आहेत. रात्री आडवं झालं की दम कोंडायचा, म्हणून ते कापडाच्या ताग्यांना टेकून बसून झोपायला लागले. हे काकूंनी मला सांगितलं नाही, शेजारच्या बाकावरच्या बाईला सांगितलं. मी ऐकलं. कुणाला सांगू? किलो आणि ग्रॅम, एवढीच तर माझी भाषा.

मग एका मंगळवारी नव्याने आलेल्या सिस्टर कामावर होत्या. मास्तर दारातून बाकापर्यंत आले तेच दोनदा थांबून. नव्या सिस्टरांनी आकडा लिहिण्याआधी खाली बसून त्यांचा पायजमा वर केला आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला, पण खड्डा तसाच राहिला. ओल्या मातीत राहतो तसा. त्या तशाच उठून डॉक्टरांना घेऊन आल्या.

डॉक्टरांनी छाती ऐकली, गळ्याच्या शिरा पाहिल्या, आत घेतलेल्या बाह्या वर सारल्या. मग माझ्या आकड्याकडे पाहिलं. त्यांनी काकूंना समजावलं, की मास्तरांचं मांस वर्षांमागून वर्षं झिजत गेलं, आणि झिजलं तेवढंच पाणी अंगात राहत गेलं. कोरडं वजन कधीच खाली आणायला हवं होतं. एक किलो गेला, एक किलो आला, म्हणून आकडा हलला नाही. त्या पाण्याचा भार हृदयाने वाहिला.

काकूंनी विचारलं, "खरं वजन किती मग?"

"सेहेचाळीसच्या आसपास."

काकू माझ्याजवळ आल्या. माझ्या दांडीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "अहो डॉक्टर, माझे सहा किलो मास्तर गेले कधी? आम्ही तर एक वार चुकवला नाही हो."

डॉक्टरांनी कागदाच्या माथ्यावरचं बावन्न खोडलं. मी प्रत्येक वेळी तिथे होतो. प्रत्येक वेळी खरं बोललो होतो. पण माझ्यावर जे उभं राहतं ते माणूस आहे की पाणी, ते लोखंडाला कसं कळावं?

पुढच्या महिनाभरात थोडं थोडं करून जास्तीचं पाणी काढलं. एकावन्न, पन्नास, अठ्ठेचाळीस. मास्तर आडवे होऊन झोपायला लागले, त्या दिवशी काकू सगळ्यांना सांगत सुटल्या. पण ताणलेलं हृदय पुन्हा आवळत नाही. जिना चढवेना, कात्री धरवेना, बटणंही राहिली. फॉर्मवाली मुलगी आली तेव्हा मास्तरांनी तिला बसवून घेतलं आणि म्हणाले, "आता विचारा. सगळं सांगतो. पण लिहिलेलं कुणीतरी वाचेल ना?"

मित्रांनो, मी आता जुना झालो. आकडे लाल दिव्यात दाखवणारा नवा काटा आला आहे आणि मला भिंतीकडे तोंड करून ठेवलं आहे. तो माझ्यापेक्षा चलाख आहे, पण भाषा त्याचीही तीच. म्हणून तुम्हाला हात जोडून एवढंच मागतो. तुमच्या घरात कुणी असं आजारी असेल, तर वजन किती भरलं हे विचारल्यावर तिथेच थांबू नका. झोप लागली का विचारा. कपडे सैल का झाले विचारा. काल जे होत होतं ते आज होतं का विचारा. आणि विचारलंत तर उत्तर येईपर्यंत समोर बसा. आकडा बरोबर असतानाही माणूस उणा होत असतो, मुलांनो. मी पाहिलंय.

मास्तर माझ्यावर शेवटचे चढले तेव्हा त्यांना एकट्याने उभं राहवत नव्हतं. काकूंनी त्यांना काखेखाली धरलं होतं. सिस्टर म्हणाल्या, काकू, हात काढा, नाहीतर वजन कमी भरेल. मास्तर म्हणाले, "असू दे, सिस्टर."

सिस्टरांनी पुन्हा सांगितलं नाही. माझी दांडी चव्वेचाळीसवर थांबली, आणि त्यांनी तेवढंच लिहिलं. माझ्या आयुष्यातला तो एकच चुकीचा आकडा. उरलेलं ओझं काकूंच्या हातांवर होतं, आणि ते मी मोजलं नाही.