आज पानी हाय का?

सोलापुरात पाण्याबद्दल दहादा विचारणाऱ्या माणसाला कुणी वेडा म्हणत नाही. नळ चार-चार दिवसांनी येणार, तोही कधी ते देव जाणे, त्यामुळे अख्खं शहर एकमेकांना तेच विचारत असतं. त्यातून मी महापालिकेच्या पाणीखात्यात व्हॉल्व्ह सोडता-सोडता निवृत्त झालेलो. म्हणून सिद्धप्पा रोज सकाळी टपरीवर "यशवंता, आज पानी हाय का रं?" असं विचारायचा, त्याचं आम्हाला काही वाटायचं नाही. एका चहात तो तेच चार वेळा विचारायला लागला, तेव्हा कुठे शिवानंदने माझ्याकडे पाहिलं.

आम्ही तिघं शाळेपासूनचे. शिवानंदचं किराणा दुकान, आणि सिद्धप्पा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर जन्मभर उभा राहिलेला. त्याच्या थोरल्या भावाचं डोकं म्हातारपणी असंच गेलं होतं. गावी त्याला खाटेला बांधून ठेवायचे आणि पोरं खिडकीतून खडे मारायची. भावाला माती देऊन आला त्या दिवशी सिद्धप्पा आम्हाला म्हणाला होता, "माझं तसं झालं तर हुंदे, पन मला कळू दिऊ नका."

आता त्याचं तसं झालं होतं. मग मी, शिवानंद आणि सिद्धप्पाची सून श्रीदेवी, तिघांनी ठरवलं. तो विचारेल तेवढ्या वेळा उत्तर द्यायचं, आणि पहिल्यांदाच विचारल्यासारखं द्यायचं. माझा स्वभाव हा असा, भिंतीशीही भांडेन. पण सिद्धप्पापुढे आवाज चढवला नाही. "उद्या येतंय पानी," मी सांगायचो. तो समाधानाने बशीत चहा ओतायचा, आणि बशी रिकामी झाली की पुन्हा विचारायचा.

पिक्चरची तिकिटं काढली माझ्या नातीने, प्रतीक्षाने. "आजोबा, तुमच्या तिघांवरच काढलाय असं वाटतं," ती म्हणाली. पोरगी हौसेने म्हणाली, तिला काय ठाऊक! आमच्या वेळची थेटरं कधीच पाडून टाकली, तिथे मंगल कार्यालयं झाली. हे मॉलमधलं, थंडगार. सिद्धप्पा ठेवणीतली टोपी घालून आला होता.

पिक्चरमध्ये पुण्यातले म्हातारे मित्र होते. त्यांच्या वाड्याजागी टॉवर उठत होता, ओळखीचं हॉटेल बंद पडत होतं. त्यातला नाना नावाचा एकजण सारखा विचारायचा, "कुलूप लावलंय ना रे?" मित्र म्हणायचे, "लावलंय, नाना." पहिल्यांदा थेटर हसलं. तिसऱ्यांदा जास्त हसलं. पुढे पुढे तर नानाने तोंड उघडायच्या आत मागची कॉलेजची पोरंच ओरडायला लागली, "कुलूप लावलंय ना रे?" मी मागे वळून डोळे वटारले, पण अंधारात कुणाला दिसणार? आणि सगळ्यांत मोठ्याने हसत होता आमचा सिद्धप्पा. मांडीवर थाप मारून म्हणाला, "ह्येचं डोस्कं गेलंय की रं!" शिवानंद खुर्चीत आक्रसून बसला.

मध्यंतरानंतर ते दृश्य आलं. जिन्यात उभे राहून नानाचे मित्र ठरवत होते, "त्याला कळू द्यायचं नाही. दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर द्यायचं." थेटर चिडीचूप झालं. माझ्या पुढची बाई नाक ओढून रडायला लागली, कुणीतरी टाळी वाजवली. मी सिद्धप्पाचा दंड धरला. "चल, लघवीला जाऊन येऊ." तो हलला नाही. हसणं थांबलं होतं. तो पडद्याकडे बघतच नव्हता, माझ्याकडे बघत होता.

दिवे लागल्यावर तीच बाई डोळे पुसत आमच्याकडे आली. "किती गोड हो तुम्ही! तिघं मित्र ना? एक फोटो काढू? बरं, तुमच्यातले नाना कोण?"

"मी," मी खेकसलो. ती त्यालाही हसली.

रिक्षात सिद्धप्पाने विचारलं, "यशवंता, म्या बी तसंच करतो का रं?"

"छ्या! कायतरीच तुझं."

बोललो आणि जीभ चावली. पडद्यावर नानाने हेच विचारलं होतं, मित्राने असंच "छ्या" म्हटलं होतं, आणि त्यालाही लोक हसले होते. सिद्धप्पाने तोंड बाहेर वळवलं.

दुसऱ्या दिवशी तो टपरीवर आला, चहा प्याला, आणि पाण्याचं काही विचारलं नाही. शिवानंदला आशा वाटली. मला दिसत होतं, तो तोंड उघडायचा आणि मिटायचा. मीच आपणहून म्हणालो, "आज पानी न्हाय बरं का, सिद्धप्पा."

"म्हाईत हाय मला," तो म्हणाला.

कसलं माहीत! तेव्हापासून त्याने विचारणंच सोडलं. श्रीदेवी सांगायची, मामंजी जेवायला मागत नाहीत, वाढलं तर जेवतात. न्हाणीघर कुठे ते विचारत नाहीत, एकदा कोपऱ्यातच धोतर ओलं करून भिंतीकडे तोंड करून उभे होते. ऐकून मला रडू आलं. थेटरात हसलेल्या एकेकाची कॉलर धरावीशी वाटली, आणि रडलेल्यांची तर आधी. मला माझा विचारणारा सिद्धप्पा परत हवा होता. दिवसभर विचारत बसला असता तरी चाललं असतं.

एप्रिलमध्ये श्रीदेवीचा फोन आला. मामंजी सकाळी बाहेर पडले ते आलेच नाहीत. मी आणि शिवानंद रिक्षा करून ऊन डोक्यावर घेत फिरलो. शेवटी अक्कलकोट रोडला सापडला. त्याचा कारखाना होता तिथे आता गाड्यांचं शोरूम झालंय. समोरच्या दुभाजकावर अनवाणी बसला होता. तळपायांना फोड आले होते, ओठ फुटले होते. "सकाळधरनं हितंच हायेत," रसवंतीवाला म्हणाला. "मला वाटलं कुनाची तरी वाट बघालेत."

मी रस आणून त्याच्या तोंडाला लावला. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी त्याच्यावर ओरडलो. "आरं, येवढी मानसं जायलीत हितनं! घर कुटंय म्हनून येकाला तरी विचारायचं की!"

त्याने रस गिळला.

"विचारनार हुतो रं," तो म्हणाला. "पन आदी विचारलंय का न्हाय, त्येच आठवंना. दुसऱ्यांदा विचारलं की लोकं हसत्यात."