मोडणाऱ्याच्या पोटात

तिची आई जाऊन महिना झाला होता. तिच्या दोन्ही मुलींचे डबे ही आजीच भरायची, आणि ती गेल्यापासून धाकटीचा डबा शाळेतून जसाच्या तसा परत येत होता. त्या सकाळी तिने गॅस पेटवलाच नाही. दोघींना ओट्याशी घेऊन ती आजी करायची तशा गाड्या करू लागली. काकडीची जाड फोड, लोण्याने चिकटवलेली गाजराची चाकं आणि वर ड्रायव्हर म्हणून अर्धं द्राक्ष.

पहिल्याच गाडीचं चाक निखळलं. ती ते बसवायला गेली.

"अगं आई, बसवू नकोस!" थोरली ओरडली. "मोडलेली गाडी मोडणाऱ्याच्या पोटात. आजीचा नियम आहे!"

धाकटीने हळूच दुसऱ्या गाडीला कोपर मारलं. "अरेरे, अपघात!" म्हणत तिने ती मटकावली. मग तिसरी.

"म्हणून आजीला डबा भरायला तासभर लागायचा होय! आणि मी रोज तिच्यामागे 'आटप, आटप' करायचे."

"तू एकही मोडली नाहीस," धाकटी भरल्या तोंडाने म्हणाली.

तिने बोटाने एक ड्रायव्हर पाडला, गाडी तोंडात टाकली आणि आणखी एक काकडी सोलायला घेतली.