सात पिल्लं आणि एक उलटा सूक्ष्मदर्शक

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, आणि तोही उलटा! मला कुणी डोक्यावर उभं केलेलं नाही बरं का. माझे बहुतेक भाऊबंद वस्तूकडे वरून पाहतात, मी खालून पाहतो. जिवंत पेशी बाटलीच्या तळाला चिकटून वाढतात. त्या नीट बघायच्या तर भिंग तळाखालीच हवं.

माझी भिंगं घासली गेली, त्या कारखान्यात तपासणीला एक आजोबा बसत. माझं एक भिंग त्यांनी अकरा वेळा परत पाठवलं. घासणारी बाई वैतागून म्हणाली, "आजोबा, यातून काय देव बघायचाय का?"

"देव दिसो न दिसो," आजोबा म्हणाले, "जे आहे ते वाकडं दिसता कामा नये."

तिथून मी जनावरांच्या रोगांच्या एका प्रयोगशाळेत आलो. पहिली काही वर्षं माझा थाट काय वर्णावा! माझ्यासमोरच्या स्टुलासाठी रांग लागे. पाहुणे आले की साहेब त्यांना आधी माझ्याकडे आणत. पुढे पडद्यावर चित्र दाखवणारं नवं यंत्र आलं आणि माझी रवानगी कपाटाच्या डोक्यावर झाली. तिथे मी तीन वर्षं बसलो. धूळ साचली, भिंगावर धुरकट साय धरली. भंगारात काढायच्या सामानाच्या यादीतही माझं नाव लागलं. वाईट वाटलं, पण बोलणार कुणाला?

मग एका सकाळी ताईंनी मला खाली उतरवलं. ताई म्हणजे आमच्याकडे नव्याने आलेल्या विषाणूतज्ज्ञ. आजारी जनावरांचे नमुने त्या आपल्या खोलीत तपासणार होत्या, आणि ते नमुने नव्या यंत्राजवळ न्यायला मनाई होती.

साहेब म्हणाले, "अहो, तो भंगारात चाललाय."

"जाईल तेव्हा जाईल," ताई म्हणाल्या. "आज मला हवाय."

दोन दिवस बसून त्यांनी माझं एकेक भिंग पुसलं. तिसऱ्या दिवशी मला पुन्हा लख्ख दिसू लागलं.

त्याच आठवड्यात मावशी आल्या. गावाबाहेर बेवारस कुत्र्यांसाठी एक निवारा होता, तो या मावशी सांभाळत. हातातला डबा टेबलावर ठेवून त्या उभ्याच राहिल्या. डब्यात एका मेलेल्या पिल्लाच्या आतड्याचा तुकडा होता, बर्फात ठेवलेला.

"चौदातली नऊ गेली, ताई. उलट्या, रक्ताचे जुलाब, की तीन दिवसांत खेळ खलास. मी दिवसातून दोनदा फरशी फिनेलने धुते. आणखी काय करू? परवा एक कुत्री व्यायलीय. सात पिल्लं आहेत."

"आईच्या दुधातली ताकद त्यांना काही आठवडे राखेल," ताई म्हणाल्या. "तेवढ्यात शोधू या."

ताईंनी तुकडा वाटून, गाळून त्याचं पाणी पेशींच्या बाटलीत घातलं. बाटली उबेच्या कपाटात ठेवली. रोज ती माझ्यावर ठेवून त्या बघत. रोज मला तेच दिसे: फरशीसारख्या एकमेकींना खेटून बसलेल्या निरोगी पेशी. विषाणू वाढला असता, तर त्या आजारी पडायला हव्या होत्या. दहा दिवस गेले. दुसरी बाटली झाली, तिसरी झाली. मित्रांनो, तो विषाणू इतका लहान, की माझ्यासारख्या भिंगाला तो कधीच दिसत नाही. त्याने केलेली नासधूस तेवढी मी दाखवू शकतो. आणि नासधूस काही दिसेना. माझंच भिंग आंधळं झालं की काय, अशी मला धास्ती वाटू लागली.

मावशी चौकशीला आल्या, तेव्हा ताई डोकं धरून बसल्या होत्या.

"मला एक कळत नाही, ताई," मावशी म्हणाल्या. "त्याच खोलीत म्हातारी कुत्री पण आहेत. ती टुणटुणीत. हा मेला पिल्लांच्याच मागे का लागतो?"

"मोठ्यांना आधी कधी होऊन गेलं असेल, म्हणून ती वाचतात. आणि पिल्लं..." ताई बोलता बोलता थांबल्या. "पिल्लं वाढत असतात."

त्या उठल्या, बाटली माझ्यावर ठेवली, खालून बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"मावशी, माझंच चुकलं! आजवर मी मोठ्या विषाणूंवर काम केलं. ते आपली हत्यारं बरोबर घेऊन येतात. हा त्या इवल्याशा जातीतला असणार, वाढत्या पेशींवरच जगणारा. याच्याकडे डीएनएचा एक आखूड धागा, तोही एकेरी, आणि वर प्रथिनाचं कवच. बस्स! धाग्याची नक्कल करायला लागतं ते यंत्र याच्याजवळ नाहीच."

"मग वाढतो कसा?"

"पेशीत शिरतो, पार तिच्या केंद्रकात जाऊन बसतो आणि वाट बघतो. पेशीला एकीच्या दोन व्हायचं असलं, की ती आधी स्वतःच्या डीएनएची नक्कल करते. त्यासाठी ती यंत्रं कामाला लावते, की हा आपला धागा पुढे करतो. धाग्याचं टोक दुमडलेलं असतं. तिथून नक्कल सुरू होते, एकेरीचा दुहेरी होतो, मग नकलांवर नकला. पेशी स्वतःचं काम सोडून याचीच कवचं आणि धागे बनवत बसते. शेवटी ती फुटते आणि हजारो बाहेर पडतात."

"म्हणजे आयत्या बिळावर नागोबा!" मावशी म्हणाल्या.

"अगदी! पण बीळ खणायला तो पेशीला भाग पाडू शकत नाही. पिल्लांच्या आतड्यात, हाडांच्या मज्जेत पेशी भराभर दुभंगत असतात, तिथे त्याचं फावतं. आणि मी त्याला दिल्या पेशींनी आधीच गच्च भरलेल्या बाटल्या. जागा संपली की पेशी दुभंगायच्या थांबतात. हा आत बसून नुसता वाट बघत राहिला!"

त्याच दुपारी ताईंनी नव्या बाटलीत मोजक्याच पेशी सोडल्या, ऐसपैस जागा ठेवून, आणि सोबतच विषाणूचं पाणी घातलं. तळाशी काचेच्या छोट्या चकत्याही ठेवल्या. तीन दिवसांनी एक चकती काढून रंगवली आणि माझ्यावर ठेवली.

मित्रांनो, तो क्षण मी कसा सांगू! पेशींची जांभळी केंद्रकं नेहमी नितळ दिसतात. त्या दिवशी एकामागून एका केंद्रकात मधोमध मोठा डाग होता, शाईचा थेंब पडावा तसा, आणि त्याच्याभोवती पांढरं कडं. विषाणूचा कारखाना! अकरा वेळा परत गेलेल्या त्या भिंगातून डागाची कडा अशी रेखीव दिसत होती, की ताई ओरडल्याच, "साहेब! अहो साहेब, लवकर या!"

साहेब धावत आले. बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "त्या भंगाराच्या यादीतून याचं नाव आधी काढा."

पण खरी लढाई पुढेच होती. ताईंनी वाढवलेला विषाणू दोन नळ्यांत घेतला. एकीत मावशींचं फिनेल घातलं, दुसरीत ब्लीचिंगचं पाणी. दहा मिनिटांनी ती औषधं पेशींना जाळणार नाहीत अशी निष्प्रभ केली आणि दोन्ही नळ्या ताज्या पेशींच्या वेगवेगळ्या बाटल्यांत ओतल्या. चौथ्या दिवशी मावशींना बोलावून घेतलं. फिनेलच्या बाटलीतल्या चकतीवर डागच डाग होते.

मावशी खुर्चीत बसल्या. "म्हणजे इतके दिवस मी फरशीला नुसतं अत्तर लावत होते?"

"तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, मावशी. आता ही दुसरी बाटली बघा. तुम्ही स्वतः बघा."

मावशींनी पदराने डोळे पुसले आणि माझ्यावर वाकल्या. ब्लीचिंगच्या बाटलीत पेशी ठणठणीत होत्या. मधोमध एक गोल फुगली होती, कमरेत आवळत चालली होती. मावशींच्या डोळ्यांदेखत ती एकीची दोन झाली.

"वाढ गं बाई," मावशी पुटपुटल्या. "वाढ."

दुसऱ्या दिवसापासून निवाऱ्याची प्रत्येक फरशी, प्रत्येक वाडगा, प्रत्येक चप्पल ब्लीचिंगच्या पाण्याने धुतली जाऊ लागली. कुत्र्यांच्या अंथरुणाच्या चिंध्या जाळल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी पिल्लांना वेळेवर लशी टोचल्या. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला, आईच्या दुधातली ताकद ओसरते तो धोक्याचा महिनाही गेला. सातही पिल्लं जगली! शेवटच्या लशीच्या दिवशी मावशी ती सातही आमच्या अंगणात घेऊन आल्या. सगळी प्रयोगशाळा हातचं काम टाकून बाहेर पळाली. एका पिल्लाने साहेबांच्या बुटाची नाडी सोडवली, तरी ते हसतच होते.

मित्रांनो, हल्ली माझ्या स्टुलासाठी पुन्हा रांग लागते. तुम्हीही कधी याल. तेव्हा एवढं ऐका. माझं भिंग सदऱ्याच्या टोकाने पुसू नका, मऊ कागद घ्या. काम झालं की दिवा मालवा, झाकण घाला. आणि अडलात, तर जो माणूस रोज फरशी धुतो, त्याला खुर्ची द्या आणि त्याचं म्हणणं नीट ऐका.