साडेतेरा पौंड

मित्रांनो, मी वजनकाटा आहे. वयाने जुना, पण अजून अचूक. माणसाने उभे राहायची लोखंडी पाटी, तिच्यामागचा खांब आणि खांबावरची आडवी दांडी, एवढाच माझा देह. दांडीवरचे पितळी वजन सरकवायचे आणि दांडी स्थिरावली की आकडा वाचायचा. माझ्यावर जेवढे ठेवले जाते, तेवढे मी सांगतो. ते काय आहे, हे मला सांगता येत नाही. माझी हकिकत ऐकताना हे एक वाक्य विसरू नका.

१९५६ साली मुंबईच्या एका कारखान्यात मी घडलो. गवतात गुंडाळून मला आधी आगगाडीने आणि मग बैलगाडीने आर्णीजवळच्या एका सरकारी आरोग्य केंद्रात आणले. तीन वर्षांनी तिथे नवे काम सुरू झाले. बारा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींची तपासणी करायची आणि ती करता करताच शिकाऊ परिचारिकांनी आपले शिक्षण घ्यायचे. चौदा वर्षांच्या मुलीचे वजन सत्तर पौंडांच्या खाली भरले, तर तिला रक्त तपासायला यवतमाळला पाठवायचे; नाहीतर घरी. निकाल माझ्या दांडीवर होता.

शिकवायला सत्यभामाबाई होत्या. कडक, पण प्रामाणिक. रोज सकाळी वीस पौंडांचे लोखंडी वजन माझ्यावर ठेवून त्या दांडी पाहत. "काटा खोटा निघाला, तर पुढचं सगळं खोटं," असे त्या शिकाऊ मुलींना सांगत. ते बरोबरच होते. मात्र तपासणी रोज माझी होई. माझ्यावर काय चढते आहे, ते कोणी तपासत नसे.

१९५९च्या वैशाखात जवळच्या बंजारा तांड्यावरची धनीबाई आपल्या जमनीला घेऊन आली. जमनी चौदा वर्षांची होती आणि तिची सोयरीक नुकतीच ठरली होती. हातभर बांगड्या, गळ्यात चांदीची जाड हासळी, पायात पितळी वाळे, घागऱ्यावर आरसे आणि नाणी, अशी ती माझ्यावर चढली. वरून आलेल्या परिपत्रकात कपडे हलके असावेत, एवढेच लिहिले होते. दागिन्यांविषयी एक शब्द नव्हता. लिहिणाऱ्याने तांडा पाहिला नसावा.

वजन करायला आर्णीची शिकाऊ मुलगी कोकिळा होती. तिने जमनीची नखे पाहिली. ती पांढरी होती.

"मावशी, हे वाळे-हासळी जरा उतरवाले सांगा न पोरीले."

"काहून? तुह्या काट्याले चांदी पचत नाही काय?" धनीबाई हसली. "सोयरीक झाल्या पोरीच्या अंगावरचं काढत नसते, बाई. अपशकून होते. तुले कोणी सांगतलं नाही?"

ओळीतल्या बायाही हसल्या. कोकिळा लाजली आणि तशीच पितळी वजन सरकवू लागली.

मी चौऱ्याहत्तर सांगितले. एक गोष्ट मात्र मला जाणवली होती. जमनी श्वास धरून उभी होती, तरी माझ्या दांडीचे टोक थांबत नव्हते. तिच्या छातीची धडधड पाटीतून, खांबातून तिथवर पोचत होती. अशा थरथरीसाठी माझ्यावर आकडा नाही.

भादव्यात ती पुन्हा आली. मधल्या काळात सासरकडून आणखी दागिने आले होते. या वेळी अठ्ठ्याहत्तर भरले.

"चार पौंड वाढली," सत्यभामाबाई समाधानाने म्हणाल्या. "आपण दिलेली दुधाची भुकटी लागू पडली."

"पण सिस्टर, दोन पायऱ्या चढली त तिले दम लागला. मले ठीक दिसत नाही."

"कोकिळा, आपल्याला काय दिसतं ते लिहायचं नसतं. काटा काय सांगतो ते लिहायचं."

कोकिळेने अठ्ठ्याहत्तर लिहिले. जमनी घरी गेली. त्या महिन्याच्या अहवालात तिची वाढ उत्तम उदाहरण म्हणून नोंदली गेली, आणि माझ्या अचूकतेची स्तुतीही झाली.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात जमनीला खाटेवर घालून आणले. या वेळी कोणी तिचे वजन केले नाही. मिळेल त्या गाडीने तिला यवतमाळला नेले. अंगात रक्त फार थोडे उरले आहे आणि फार उशीर झाला आहे, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले. ती परतली नाही.

पंधरा दिवसांनी धनीबाई एकटी आली. तिने फडक्यात बांधलेले गाठोडे माझ्या पाटीवर ठेवले, तेव्हा आत वाळे-हासळी वाजली.

"हे तोल."

कोकिळेने पितळी वजन सरकवले. दांडी अगदी शांत होती.

"साडेतेरा पौंड."

"म्हणजे भादव्यात माही जमनी किती होती?"

कोकिळेला ती वजाबाकी करायला कागद लागला नाही. "साडेचौसष्ट."

"अन् कितीच्या खाली असती त यवतमाळले धाडली असती?"

"सत्तर."

धनीबाईने गाठोड्याची गाठ पुन्हा आवळली. "तू उतरवाले सांगतलं होतं. मी हासली."

"मी दुसऱ्यांदा सांगतलं नाही, मावशी," कोकिळा म्हणाली.

त्याच दिवशी तिने माझ्या खांबावर खळीने एक कागद चिकटवला: 'दागिने उतरवल्याशिवाय वजन करू नये.' पुढची काही वर्षे तो कागद पाळला गेला. कोणी आई अडून बसली, की कोकिळा दागिने तिच्याच ओटीत ठेवी आणि मुलीला तिच्या डोळ्यांसमोर माझ्यावर उभी करी. त्या वर्षांत यवतमाळला जाणाऱ्या मुली वाढल्या, आणि परतणाऱ्याही.

मग पौंड गेले, किलो आले आणि माझ्या दांडीवर नवी पट्टी बसली. सत्यभामाबाई निवृत्त झाल्या, कोकिळेची बदली झाली. खळीच्या वासाने किडे येतात. त्यांनी कागद कडांकडून खाल्ला आणि मागच्या पावसाळ्यात उरलेला तुकडा गळून पडला. शिपायाने तो केरात लोटला.

आज १९६८ साल आहे आणि तपासणीचा दिवस आहे. नव्या शिकाऊ मुलीने सकाळीच ठरलेले लोखंडी वजन ठेवून मला पाहिले. मी अचूक निघालो आणि तिचे समाधान झाले.

मित्रांनो, मला तेल द्या, पुसा, गंजू देऊ नका. पण तेवढ्याने माझी निगा पुरी होत नाही. माझ्यावर काय उभे आहे, हे मला विचारता येत नाही, तुम्हाला येते. कोणी हसले, तर दुसऱ्यांदा विचारा.

व्हरांड्यात वाळे वाजत आहेत. आवाज जड आहे, पावले हलकी आहेत. आता ते पाटीजवळ आले आहेत.