ठमामावशीची काळी वाळू

“तो मानूस पावलं मोजत व्हता,” ठमामावशी म्हणाली आणि कढईतल्या तापल्या वाळूत तिने मूठभर धान टाकलं. लाह्या तडतडल्या. “पावलं मोजनारा जागा घ्यायलाच येतो, नलू.”

चौलच्या दत्ताच्या जत्रेत सगळ्यांआधी तिच्या लाह्या संपत. कारण ही वाळू. काळी, जड, एकदा तापली की धग न सोडणारी. किनाऱ्यावर भरतीच्या रेषेवर ती एकाच जागी मिळे, आणि ती जागा मावशी जिवापाड लपवायची. येताना उलटी चालायची, माडाच्या झावळीने स्वतःची पावलं पुसत. मला मात्र बरोबर न्यायची. म्हणायची, “तू शिकलेली. तुझ्या पोटात ऱ्हाईल.”

आता नववीत पहिली आलेल्या मुलीच्या पोटात काय राहणार!

तो पावलं मोजणारा खाकी विजारवाला मला देवळापाशी भेटला. म्हणाला, काळ्या वाळूत इल्मेनाइट असतं, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियमचं ऑक्साइड. त्यातून पांढऱ्यात पांढरा रंग काढतात, विमानांसाठी धातूही. काळ्यातून पांढरं! मी विचारलं, आमची वाळू जाईल का विमानात? आधी बघायला हवी, तो म्हणाला. मग मी त्याला ती जागा दाखवली. त्याने दोन पिशव्या भरल्या आणि खूश होऊन आपला घोड्याच्या नालाच्या आकाराचा लोहचुंबक मला देऊन टाकला.

मी तशीच धावत मावशीकडे गेले आणि चुंबकाचा धडा तिला समजावू लागले. तिने तो उजेडात धरला. दोन्ही टोकांना काळे कण केसांसारखे उभे होते.

“ही कुठली?”

शाळेच्या अंगणातली, मी म्हटलं. तिने कण चिमटीत चोळले. वीस वर्षं त्याच वाळूत हात घातलेली बाई ती.

“किती भरली त्यानं?”

“दोन पिशव्या.”

“परत येतो म्हनला?”

“व्हय.”

ती रागावली नाही. रोजच्यासारख्या पसाभर लाह्या तिने माझ्या ओच्यात घातल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली घेऊन तिच्या दारात गेले, तर कडी लागलेली. किनाऱ्याकडे धावले. ती परत येत होती, डोक्यावर टोपली, हातात झावळी, उलटी. तिने आपली पावलं पुसली होती. बाजूला, भरती न पोचलेल्या कोरड्या वाळूत, त्या माणसाच्या बुटांचे कालचे ठसे होते आणि त्यांना लागून माझ्या अनवाणी पायांचे. त्यांना तिने झावळी लावली नव्हती.